सेल लक्ष्मी रोडवर असतो

लेले मॅडमच्या प्रयोगशाळेत ‘सेल’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. चुकून कुणी म्हणालंच, “मॅडम, सेल तयार झाला,” तर त्या चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघत आणि अगदी शांतपणे म्हणत, “सेल लक्ष्मी रोडवर असतो. दोन साड्यांवर एक फुकट. इथे घट असतो.”

ही चूक मी पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्यात केली होती. एम.एस्सी.चा दोन वर्षांचा प्रकल्प करायला मी त्यांच्याकडे गेले होते. आमच्या मांजरी गावाहून निघून, हडपसरला आणि स्वारगेटला बस बदलून, दप्तर पोटाशी धरून. काय बोलायचं ते बसमध्ये चारदा घोकलं होतं: “नमस्कार मॅडम, मला आपल्याकडे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेलवर काम करायचं आहे.” त्यांनी लक्ष्मी रोड ऐकवला, आणि मग माझा अर्ज वाचला.

“नाव कोमल. विषय सिरॅमिक. बघू, आधी कोण तडकतं.”

मला हसायचं की नाही ते कळेना, म्हणून मी हसले.

“हसण्यासारखं काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

ज्यांनी आपल्याला शिकवलं त्यांच्याबद्दल असं लिहावं की नाही, मला नीट ठरवता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शिक्षक म्हटलं की आमच्याकडे अजून उभं राहतात. पण खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला त्या अजिबात आवडल्या नाहीत. आम्ही विद्यार्थी कँटीनमध्ये त्यांची नक्कल करायचो आणि त्यांना ‘भट्टीबाई’ म्हणायचो. नक्कल सोपी होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घ्यायचा, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं आणि मग दोन शब्दांत त्याचं पाणी पाणी करायचं.

प्रयोगशाळेच्या दारावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात पाटी होती: ‘भट्टी चालू आहे. डोकावल्याने तापमान वाढत नाही.’ त्याखाली नंतर कधीतरी वेगळ्या शाईने जोडलेली ओळ: ‘दार उघडे ठेवल्याने कमी मात्र होते.’

हा घट म्हणजे काय, ते सांगायला हवं. रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते, तीन थरांची. मधला थर चिनी मातीच्या जातीचा, कडक आणि घट्ट. एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, आणि चकती आठशे अंशांवर तापवायची. मग हवेतला ऑक्सिजन त्या मधल्या थरातून पलीकडे जातो आणि वीज तयार होते. धूर नाही, आवाज नाही. मॅडमच्या शब्दांत, “मध्ये भिंत. भिंतीतून फक्त ऑक्सिजनने जायचं. दोघांची थेट भेट झाली की खेळ खलास.” भिंतीला केसाएवढी चीर पडली तरी थेट भेट होते. आणि चीर पडते, कारण तिन्ही थर एकत्र तापतात पण सारखे फुगत नाहीत. म्हणून तापवायचं हळू, निववायचं त्याहून जपून. मिनिटाला एक अंश.

हे ‘मिनिटाला एक’ त्यांनी भट्टीपुरतं ठेवलं नव्हतं. जिना त्या तशाच उतरत. ईमेलला उत्तर तशाच देत. धावत कुणी आत आलं की मान वर न करता म्हणत, “मिनिटाला एक. तडकशील.” एकदा संचालकांचा शिपाई सांगायला आला, साहेबांनी ताबडतोब बोलावलंय. मॅडमनी घड्याळ पाहिलं. “त्यांना सांगा, निघाले आहे. खोलीच्या तापमानाला आले की पोचेन.”

चर्चासत्रात त्या नेहमी शेवटच्या रांगेत बसत. एकदा बाहेरगावाहून आलेला एक तरुण प्राध्यापक रंगीत स्लाइड दाखवत म्हणाला, आम्ही घटाची कामगिरी दुप्पट केली. त्याच्या दुर्दैवाने प्रश्नोत्तरांना वेळ उरला होता.

“आधी किती होती?” मॅडमनी विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

“अच्छा. म्हणजे पेंगणारा माणूस उठून बसला. चालायला लागला की कळवा.”

आमच्यावरही मेहेरनजर नव्हती. कपाटात श्रीखंडाचा जुना डबा होता आणि त्यात तडकलेले घट ठेवलेले. प्रत्येकाचे तुकडे छोट्या पाकिटात, पाकिटावर करणाऱ्याचं नाव आणि कारण. ‘कारण: घाई.’ ‘कारण: मोबाइल.’ एकावर होतं, ‘कारण: लग्न ठरले.’ नवीन विद्यार्थ्याला त्या पहिल्या दिवशी तो डबा दाखवत, जसं पाहुण्यांना घरचा अल्बम दाखवतात.

मार्चपर्यंत त्या डब्यात माझी चार पाकिटं झाली होती.

मेअखेर प्रबंध द्यायचा होता. त्यासाठी एक तरी घट दोनशे तास चालायला हवा होता, आणि तेवढे तास वीज घसरता कामा नये. ते नाही तर निकाल नाही, निकाल नाही तर पदवी नाही. आणि पुढच्या वर्षीची सोय नव्हती, कारण मॅडमही मेअखेरच निवृत्त होत होत्या. त्यांच्या भट्टीच्या जागी संस्थेचं नवं संगणक केंद्र व्हायचं होतं. माणसं टेप घेऊन जागा मोजूनही गेली होती. “भिंत मोजा, मला मोजू नका,” एवढंच मॅडम त्यांना म्हणाल्या.

घरी आप्पांची, म्हणजे वडिलांची, वेगळीच टोलेबाजी. “भट्टी, घट, तडकला, भाजला. आगं, कुंभाराकडं धाडली आसती तर येवढ्या बसगाड्या बदलाव्या लागल्या नसत्या.” ते हसायचे. मी हसायचे नाही.

माझं काम हायड्रोजनच्या बाजूच्या थरावर होतं. त्या थराला सूक्ष्म भोकं असावी लागतात, म्हणजे वायू आतपर्यंत पोचतो आणि वीज जास्त मिळते. भोकं पाडायची रीत अशी की भुकटीत स्टार्च मिसळायचं. भट्टीत ते जळून जातं आणि त्याच्या जागी भोक उरतं. आमचं बाटलीतलं स्टार्च लहानमोठ्या दाण्यांचं होतं. भोकं तशीच वेडीवाकडी पडायची आणि थर मोठ्या भोकापाशी तडकायचा.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, “एकसारखा दाणा मिळायला हवा. निवळून निवळून घेतलेला.”

मी पटकन बोलून गेले, “म्हणजे चिकासारखा?”

“कसला चीक?”

“कुरडयांचा, मॅडम. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे. मग पाणी निवळलं की खाली चीक बसतो. आई अजून तसंच करते.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “दोन वर्षं मी हिला स्टार्च शिकवतेय,” त्या भट्टीला म्हणाल्या, “आणि ही आत्ता सांगतेय.” मग माझ्याकडे वळून, “वाळवून आण. कुरडया आणू नकोस.”

चैत्र होता, घरी कुरडयांचे दिवसच होते. आईने चीक पांढऱ्या फडक्यावर वाळवला, बारीक दळला आणि स्टीलच्या डब्यात भरून दिला. तो मिसळून पाचवा घट केला. भट्टीतून अखंड बाहेर आला. मला नाचावंसं वाटलं. चाचणीला लावला, वीज आली, आणि तासाभरात ती अशी घसरली की कागदावरची रेघ जिन्यासारखी दिसायला लागली.

मॅडमनी उरलेला चीक उचलला आणि त्या बाहेर व्हरांड्यात गेल्या. मी मागोमाग. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही हा त्यांचा कडक नियम होता. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी चिमूटभर चीक जिभेवर ठेवला.

“आईला फोन लाव.”

मी लावला. “आई, चिकात मीठ घातलं होतंस का?”

“मग? आळणी कसं द्यावं परक्याच्या घरी?” आई म्हणाली. “बरं लागलं का मॅडमला?”

मिठाने त्या थरातला धातू पार बिघडवला होता. फोन स्पीकरवर नव्हता, पण आईचा आवाज शेतातला. मॅडमना सगळं ऐकू गेलं. मी मान खाली घालून वाट बघत राहिले. आता माझ्या दोन वर्षांचा, आईचा, मांजरीचा, सगळ्यांचा उद्धार होणार. त्या इतकंच म्हणाल्या, “सांग त्यांना, चव उत्तम आहे. पण घट आजारी माणसासारखा आहे. त्याला अळणीच लागतं.” पाकिटावर त्यांनी लिहिलं, ‘कारण: मीठ’ आणि ते डब्यात टाकलं. ते पाचवं.

दुसरा चीक अळणी आला. सहावा घट झाला आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात चाचणीच्या भट्टीत बसला. दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. तेवढा वेळ भट्टी विझता कामा नये, नळ्या हलता कामा नयेत आणि हायड्रोजन आहे म्हणून खोलीत कायम कुणीतरी हवंच. दिवसा मी बसायचं आणि संध्याकाळी मॅडमनी यायचं, असं ठरलं. मी मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या खोलीत मुक्काम हलवला. घरी फोन केला, “आई, आज घट बसला. नवव्या दिवशी उठेल. तोवर त्याला हलवायचं नाही, एकटं सोडायचं नाही. मी घरी यायची नाही. मॅडमपण बसून आहेत.”

आई हळू आवाजात म्हणाली, “बरं. सोवळ्यानं ऱ्हा.”

माझ्या काही डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मला वही सोपवत होत्या आणि दारात आई उभी. चपला बाहेर काढलेल्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत नारळ, भगरीचा डबा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली झेंडूची लांब माळ. दोन बस बदलून आली होती. मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

“अहो बाई, कोण आपण?” मॅडमनी विचारलं.

“कोमलची आई. घटाला माळ आणली. पयल्या दोन चुकल्या, मला म्हाईतच न्हवतं. चैत्रातलं नवरात आसतं, ते आईकलं हुतं. ह्ये वैशाखातलं कोणचं म्हनायचं?”

मी मध्ये पडले. “आई, अगं हा तो घट नाही. हे यंत्र आहे.”

“बरोबर,” मॅडम म्हणाल्या. “हा तो घट नव्हे.”

आईने भट्टीकडे नीट पाहिलं. “मग तुमी त्याला घट का म्हंता?”

मॅडमनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन वर्षांत असं मी पहिल्यांदा पाहिलं. लक्ष्मी रोड इथे उपयोगाचा नव्हता.

“ह्यो हलवायचा न्हाय ना?” आई.

“नाही.”

“इझू द्यायचा न्हाय?”

“नाही.”

“आनि एकटा सोडायचा न्हाय, म्हून तुमी दोगी बसलाय.”

“हो.”

“मग?”

शेवटी मॅडमनी दारामागच्या खुंटीकडे बोट केलं. “माळ तिथे. भट्टीला लावायची नाही. आणि उदबत्तीचं नावसुद्धा काढू नका, हायड्रोजन आहे, आपण तिघी एकदमच वर जाऊ.” मग भगरीच्या डब्याकडे बघून, “मी उपवास वगैरे करत नाही.” असं म्हणून त्यांनी डबा घेतला आणि व्हरांड्यात बसून सगळी भगर संपवली. आई बाजूला बसून पदराने वारा घालत होती. काय बोलल्या मला माहीत नाही. मी आत घटाजवळ होते.

पुढचे दिवस घट चालत राहिला. मध्ये गुरुवार आला. गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते. मॅडमनी आदल्या दिवशीच वीज कार्यालयात फोन केला होता. “गुरुवारी तुमचा उपवास असतो हे ठाऊक आहे मला. माझ्या घटाचा नसतो.” पलीकडच्याला काय कळलं कोण जाणे, पण वीज नेहमीप्रमाणे गेलीच. जनरेटर घरघरला, तापमान तीन अंश उतरलं आणि परत चढलं. मी धावत जाऊन आकडा वहीत लिहिला. “मिनिटाला एक,” मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा हात टेबलाची कड सोडत नव्हता.

नवव्या दिवशी संध्याकाळी दोनशे तास भरले. कागदावरची रेघ फूटपट्टीने ओढल्यासारखी सरळ होती, आणि संस्थेतल्या आजवरच्या कुठल्याही घटापेक्षा वर. मी ती बोटाने चाचपत राहिले. माझा प्रबंध त्या रेघेत होता. मॅडमनी कागद हातात घेतला, चष्मा काढून जवळून पाहिला.

“बरी आहे,” त्या म्हणाल्या. संस्थेत सव्वीस वर्षं असलेल्या तंत्रज्ञ काकांनी नंतर मला सांगितलं, मॅडमच्या तोंडून ‘बरी’ त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.

हायड्रोजन बंद करून मी आवराआवर सुरू केली. दारामागची माळ काढायला गेले, तर हाताला जुडगाच लागला. हायड्रोजनमुळे त्या नऊ दिवसांत दार कायम उघडून भिंतीला टेकलेलं असायचं, त्यामुळे मागे काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं. सर्वांत आतल्या माळा वाळून तपकिरी झालेल्या, वरची अगदी ताजी. मी मोजल्या. नऊ. मी बाहेर जाऊन आईला फोन केला. माळा कुणाबरोबर पाठवत होतीस?

“मी कुटं? येकच तर आनली हुती, तुज्यासमोर.”

मी परत आत आले. मॅडम वहीत शेवटची नोंद करत होत्या.

“मॅडम, माळा नऊ आहेत.”

“मोजता येतं म्हणजे तुला. दोन वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.”

मी तिथेच उभी राहिले. एरवी मी निघून गेले असते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मंडईबाहेर एक फुलवाली बसते,” त्या म्हणाल्या. “एक दिवस माळ घेतली की दुसऱ्या दिवशी ती आपणहून बांधून ठेवते. नको कसं म्हणायचं? राहिलेल्या दोन तिनेच आठवण करून दिल्या. चोंबडी आहे.”

मी जुडगा टेबलावर ठेवला.

“आई होती तोवर घरी बसायचा घट,” त्या वहीकडे बघत म्हणाल्या. “ती गेली त्या वर्षी मी बसवायला घेतला. पण नऊ दिवस घर सोडता येत नाही. आणि इकडे भट्टी लागलेली. दोन्हीकडे एकटीने कसं बसणार?” थोडं थांबून, “तेव्हापासून इथलाच.”

‘सेल’ म्हटल्यावर त्या एवढ्या का चिडायच्या, हे मी त्यांना विचारणार नव्हते. आता विचारायचं उरलंही नव्हतं.

त्यांनी भट्टी निववायला लावली. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “तुमच्याकडे घट उठवताना हात कुणाचा लावतात?”

“घरच्या बाईचा.”

“मग आईला बोलाव. आठशे अंश आहेत, मिनिटाला एक. उद्या सकाळपर्यंत थंड होईल. तेवढ्या वेळात मांजरीची बससुद्धा येते.”

मी फोन काढला. नंबर लावतालावता त्यांचा आवाज आला.

“आणि नैवेद्याला काहीतरी लागेल. चीक शिजवून आणायला सांग.” त्या उठल्या, मिनिटाला एक पाऊल टाकत दारापर्यंत गेल्या आणि मी काढलेला तो माळांचा जुडगा परत खुंटीला अडकवला. “या वेळी मीठ घालायला हरकत नाही.”